मशीद शहीद करण्याआधी

गेल्या महिन्यात जुम्म्याची नमाज झाल्यावर सदर साहेबांनी माइक हातात घेतला आणि जमातीला दहा मिनिटं थांबायला सांगितलं. विषय एकच होता. मशिदीच्या किब्ल्याकडच्या भिंतीला ओल चढली आहे, प्लास्टरचे पोपडे पहिल्या सफेत उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावर पडतात, कोपऱ्यात तडा गेला आहे. कमिटीचं म्हणणं असं, की आता डागडुजीत पैसे घालण्यात अर्थ नाही. जुनी मशीद शहीद करावी आणि त्या जागी दोन मजली, आरसीसीची, संगमरवरी फरशीची नवी मशीद बांधावी.

मराठी वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्याकडे मशीद ‘पाडली’ असं कुणी म्हणत नाही, ‘शहीद केली’ असं म्हणतात. शब्दामागे अदब आहे. पण त्या दिवशी मला असं वाटलं, की हा अदबीचा शब्दच आपली फसवणूक करतो. ‘पाडायची’ म्हटलं असतं तर दोन-चार जणांनी तरी ‘का?’ असं विचारलं असतं. ‘शहीद करायची’ म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. घरी आलो आणि जुन्या कागदांत एक पावतीपुस्तक सापडलं. दहा-अकरा वर्षांपूर्वी याच मशिदीला आतून टाइल्स बसवायचं ठरलं होतं, तेव्हा मोहल्ल्यात फिरून चंदा गोळा करणाऱ्यांत मी होतो. शिक्षक माणूस, हिशेब चोख ठेवेल म्हणून पावतीपुस्तक माझ्याकडे दिलेलं. पहिली पावती माझ्याच नावाची आहे. छातीइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स लागल्या, वर सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर हिरवा ऑइल पेंट. त्या रमजानमध्ये आम्ही सगळे किती खूश होतो! आज ज्या भिंतीला ओल आली आहे ती हीच भिंत. म्हणून या लेखात मी जे सांगणार आहे त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. आठवीत माझ्याकडे मराठी शिकला होता. नंतर नागपूरला आर्किटेक्चरचं शिक्षण घेऊन परत आला आणि तालुक्याच्या गावी एका मित्रासोबत छोटं ऑफिस काढलं. आमच्या भागात आर्किटेक्ट म्हणजे काय हेच लोकांना माहीत नाही. घराचा नकाशा काढणारा, बँकेच्या कर्जासाठी सही-शिक्का देणारा, एवढीच ओळख. या पोरांच्या ऑफिसचा खर्चही त्याच कामांवर निघतो.

तो रविवारी आला. मला वाटलं टेप काढेल, लांबीरुंदी घेईल आणि जाईल. त्यानं आधी चप्पल घालून बाहेरून मशिदीला एक फेरी मारली. मग गच्चीवर गेला. मग आत येऊन हाताच्या बोटांनी भिंत ठोकत ठोकत फिरला. जिथे पोकळ आवाज येई तिथे खडूची खूण करी. तासाभरानं वजूखान्याच्या कट्ट्यावर बसून म्हणाला, “सर, भिंत म्हातारी झालेली नाही. आपण तिचं नाक-तोंड दाबलंय.”

त्यानं जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण ते आपल्या गावोगावच्या मशिदींना, मंदिरांना, वाड्यांना आणि शाळांना सारखंच लागू आहे.

जुनी भिंत दगडाची किंवा विटांची, आणि चुन्यात बांधलेली. तिच्या पायात आजच्यासारखा ओल अडवणारा थर नसतो. पावसाळ्यात जमिनीतली ओल भिंतीत थोडी चढते, हे त्या बांधणाऱ्या गवंड्यांना ठाऊक होतं. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. चढलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि उन्हाळ्यापर्यंत भिंत कोरडी होते. दरवर्षी हे चालतं. आपण काय केलं? खाली टाइल्स, वर सिमेंट, त्यावर ऑइल पेंट. ओल आत शिरण्याची वाट तीच राहिली, बाहेर पडण्याची वाट बंद झाली. मग पाणी आतल्या आत वर चढत जातं. टाइल्स जिथे संपतात तिथे बरोबर ओलीची रेघ उमटते. सोबत क्षार येतात, ते प्लास्टरच्या मागे साचून फुलतात आणि पोपडे सुटतात. आपण म्हणतो, भिंत जुनी झाली.

दुसरं कारण बाहेर होतं. मशिदीसमोरचा रस्ता माझ्या लहानपणी दोन पायऱ्या खाली होता. आता तो पायरीच्या वर आहे. दर काही वर्षांनी जुना रस्ता न खोदता त्यावरच नवं काँक्रीट ओतलं जातं. तुमच्याही गावात हेच असेल, दारात उभे राहून बघा. रस्ता वर गेला, घरं खाली गेली. पावसाचं पाणी पूर्वी भिंतीपासून दूर वाहून जाई, आता भिंतीशी थांबतं.

तिसरं कारण गच्चीवर सापडलं. सोलरचं पाइप बसवताना पावसाच्या पाण्याचं एक पन्हाळ बुजलं होतं. कोपऱ्यातला तडा बरोबर त्याच्याखाली होता.

“मग पाडायची गरज नाही?” मी विचारलं.

“ते मी आज सांगू शकत नाही सर. टाइल्स आणि सिमेंट काढून भिंत एक उन्हाळा सुकू द्यावी लागेल. तडा वाढतोय की तेवढाच आहे ते काचेची पट्टी लावून बघावं लागेल. आणि खरं सांगू का, मी शिकलो नव्या इमारतींचं. जुन्या इमारतींचं शास्त्र वेगळं असतं, त्यासाठी ते शिकलेला माणूस आणावा लागेल. पण न तपासता पाडा असं सांगणाऱ्यानं निदान पन्हाळ तरी बघायला हवं होतं.”

‘मला हे पुरतं येत नाही’ असं म्हणणारा तांत्रिक माणूस मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. कमिटीपुढे ज्या ठेकेदारानं नव्या मशिदीचा रंगीत फोटो ठेवला होता, त्याला सगळंच येत होतं.

इथे मला भायखळा आठवतं. तीन वर्षांपूर्वी मामूंना घेऊन मुंबईला जे. जे. हॉस्पिटलला जायचं होतं. आपल्या जिल्ह्यातून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांना हा रस्ता पाठ असतो. मलकापूरहून गाडी, दादरला उतरायचं, लोकल बदलून भायखळा. भायखळा स्टेशनच्या इमारतीला मोठं बक्षीस मिळाल्याचं पेपरात वाचलं होतं. म्हणून उतरल्यावर मी नवीन काय केलंय ते शोधू लागलो. काचेचा दर्शनी भाग, सरकते जिने, चकचकीत फरशी, असलं काही माझ्या डोक्यात होतं. दिसलं ते जुनंच स्टेशन. दगडी भिंती, लाकूडकाम, जुन्या धाटणीच्या खिडक्या. फक्त सगळं स्वच्छ, धड आणि वापरात. मामू म्हणाले, “यात नवीन काय केलं रे यांनी?” हाच प्रश्न त्या कामाची शाबासकी आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. वजूखान्याच्या कट्ट्यावर बसल्यावर कळलं.

भायखळ्याचं काम आभा नारायण लांबा यांच्या आर्किटेक्ट फर्मनं केलं. २०१९ च्या जुलैत सुरू झालेलं काम मधली करोनाची वर्षं धरून २०२२ च्या एप्रिलमध्ये पुरं झालं. ‘आय लव्ह मुंबई’ या संस्थेचा पुढाकार, बजाज समूहाचा पैसा आणि मालक रेल्वे. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धन पुरस्कार त्याला मिळाला. हे स्टेशन म्हणजे काही राजवाडा नाही. तिकिटं काढणारे, डबे वाहणारे, पेशंट घेऊन आलेले लोक तिथून रोज जातात. तरी कुणीतरी त्याला जपण्यालायक मानलं.

याच फर्मनं मुंबई महापालिकेच्या १८९३ च्या मुख्यालयाचं काम केलं, १९९३ पासून बंद पडलेलं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा सुरू होईल असं केलं, आणि काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू हे ज्यू प्रार्थनास्थळही दुरुस्त केलं. हे शेवटचं उदाहरण मला आमच्या कमिटीला सांगायचं आहे. ते सिनेगॉग १८८४ चं. मुंबईत ज्यू लोक आता फार कमी राहिले आहेत. आमच्या कमिटीचा हिशेब लावला तर त्यांनी केव्हाच म्हणायला हवं होतं, की एवढी मोठी जुनी वास्तू सांभाळायची कशाला? त्यांनी तसं म्हटलं नाही. निधी बाहेरून उभा केला, जाणकार बोलावले, रंगाचे थर एकावर एक चढले होते ते काढून मूळ रंग शोधला आणि २०१९ मध्ये इमारत पुन्हा उघडली. प्रार्थनास्थळ ते प्रार्थनास्थळच राहिलं.

कुणी म्हणेल, मुंबईची गोष्ट वेगळी, तिथे उद्योगपती आहेत. बरोबर आहे. पण पैशाआधी तिथे आणखी एक गोष्ट झाली. १९९५ मध्ये मुंबईत जुन्या इमारतींसाठी नियम झाले, यादी झाली, समिती बसली. यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर आधी विचारायचं, असा दंडक आला. भायखळ्याचंच दुसरं उदाहरण घ्या. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्या मालकीचं. इमारत १८७२ ची आणि वाईट अवस्थेत. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून करार केला. आर्किटेक्ट विकास दिलावरी यांनी संवर्धनाचं काम पाहिलं आणि २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च दर्जाचा पुरस्कार मिळाला. एक महापालिका, एक संस्था, एक देणगीदार, एक आर्किटेक्ट. यातला एकही चमत्कार नाही. आपल्याकडे नगरपालिका आहे, संस्था उभी करता येते, देणारे हात तर आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. जो नाही म्हणून आपण गृहीत धरतो तो आर्किटेक्ट. आणि तोही आहे, हे मी त्या रविवारी पाहिलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बुलढाणा म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोणार आठवतं, शेगाव आठवतं, सिंदखेडराजा आठवतं. लोणारला दैत्यसूदन मंदिर आहे, मेहकरला जुनी दगडी धर्मशाळा आहे, सातगावला हेमाडपंती मंदिरं आहेत. आणि मोताळा तालुक्यात रोहिणखेडला १५८२ मध्ये खुदावंद खान महदवी यानं बांधलेली दगडी मशीद आहे. हिजरी सनानं धरलं तर ९९० च्या सुमाराची. मोगल अजून वऱ्हाडात आलेले नव्हते. अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना रोहिणखेडला घेऊन गेलो होतो. सहलीला वॉटर पार्क हवं म्हणून पोरं रुसलेली. मशिदीवरच्या कोरीव लेखापाशी मी त्यांना उभं केलं आणि म्हटलं, एखादं तरी अक्षर ओळखा. लेखाची भाषा त्यांना येत नव्हती, पण लिपी त्यांच्या रोजच्या वहीतली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, “सर, हा ‘खान’ आहे का?” मग तिथून हलायला कुणी तयार होईना. उर्दू शिकून पुढे काय मिळणार, हा प्रश्न आमच्या मुलांना घरीदारी ऐकावा लागतो. त्या दिवशी दगडानं त्यांना उत्तर दिलं. तुमची लिपी या मातीत चारशे वर्षं जुनी आहे, असं मी पुस्तकातून सांगितलं असतं तर त्यांनी जांभया दिल्या असत्या.

तो लेख आपल्याला बघायला मिळाला, कारण त्या भिंतीवर टाइल्स लावायला कायद्यानं मनाई आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरमध्ये नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरसाठी परवानगी लागते. पण संरक्षित यादीत मोजक्याच वास्तू असतात. आपल्या मोहल्ल्यातली मशीद, गल्लीतलं विठ्ठल मंदिर, इंग्रजी अमदानीतली शाळा, तहसीलची जुनी कौलारू कचेरी, गावाची वेस, बारव, या कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचं भवितव्य एक तर कमिटीच्या मिटिंगमध्ये ठरतं, नाही तर निविदेत. निविदा ज्याची कमी रकमेची त्याला मिळते, आणि त्याच्याकडे सिमेंट, जेसीबी आणि ऑइल पेंट ही तीनच अवजारं असतात.

सावकाश काम केलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात २०२४ मध्ये घडलं. सिंदखेडराजाला जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांच्या समाधीच्या संवर्धनाचं काम भारतीय पुरातत्त्व खातं करत होतं. काम करताना तिथल्या लोकांना जमिनीत काही दगड दिसले. त्यांनी काम पुढे रेटलं नाही. थांबले, हळूहळू खोदलं, तेव्हा मंदिराचा सभामंडप उघडा झाला आणि जूनमध्ये शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती निघाली, समुद्रमंथनाच्या कोरीवकामासह. त्या दिवशी सुशोभीकरणाचा ठेकेदार तिथे असता तर? दोन फरश्या जास्त बसवून बिल काढलं असतं आणि मूर्ती आणखी काही शतकं अंधारात राहिली असती, किंवा जेसीबीच्या दातात आली असती.

सिंदखेडराजा मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. लखुजी जाधवराव निजामशाहीचे मोठे सरदार. रोहिणखेडची मशीद बांधली गेली तीही त्याच राजवटीत. दख्खनच्या दगड-चुन्याच्या गवंडीकामाला कधी धर्म विचारला गेला नाही. ज्या मातीत वाडा उभा राहिला त्याच मातीत मशीद, मंदिर, बारव आणि समाधी उभी राहिली. म्हणून यातली एक वास्तू नासली की एकट्या मुसलमानांचं किंवा एकट्या हिंदूंचं नुकसान होत नाही. आणि नासवण्यातही आपण भाऊ-भाऊच आहोत, हेही कबूल करू या. आमच्या मशिदींना टाइल्स लागतात तशी हेमाडपंती मंदिरं ऑइल पेंटनं रंगतात. चुन्याच्या निवळीनं रंगवायच्या शाळेला डिस्टेंपर फासला जातो. कोरीव खांबाला दिव्यांच्या माळेसाठी ड्रिलनं भोकं पाडली जातात. श्रद्धा दोघांचीही खरी, अज्ञानही दोघांचं सारखं.

आता कमिटीची बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती माणसं माझी आहेत आणि त्यांची नियत वाईट नाही.

सदर साहेब म्हणतात, “सर, मशीद नमाजसाठी असते, म्युझियमसाठी नाही. जुम्म्याला लोक रस्त्यावर उभे राहतात, त्यांचं काय?” हा प्रश्न खरा आहे. दगडाला पवित्र मानणं आपल्या दीनमध्ये नाही. खुद्द मदिनेची मशिदे नबवी अनेकदा वाढवली गेली. म्हणून वाढवू नका असं मी म्हणतच नाही. मशिदीच्या मागे मदरशाची मोकळी जागा आहे. तिथे नवा हॉल बांधा, वर मजला घ्या, बायकांसाठी वेगळा भाग करा, जो आज नाहीच. नवी इमारत जुनीच्या शेजारी उभी राहू शकते. जुनीच्या छाताडावरच उभी राहायला हवी असं नाही.

दुसरे एक बुजुर्ग म्हणतात, “उद्या भिंत कोसळली आणि पोरं दबली तर तुम्ही जबाबदारी घेणार का?” नाही, घेणार नाही. माणसाच्या जिवापुढे कुठलीही कमान मोठी नाही. तपासणाऱ्यानं भिंत धोक्याची आहे असं लिहून दिलं तर पाडायला मी पहिला हात वर करीन. जोवर तपासणी होत नाही तोवर त्या कोपऱ्यात मुलांना बसवू नका, हेही मीच सांगितलं आहे. पण धोका आहे हे ठरवणार कोण? ज्याला पाडून बांधण्याचे पैसे मिळणार आहेत तो? डॉक्टर न दाखवता कफन शिवणाऱ्याला बोलवण्यासारखं आहे हे.

तिसरा मुद्दा पैशांचा. जुनं दुरुस्त करायला जास्त खर्च येतो, असं सगळे खात्रीनं सांगतात. अंदाजपत्रक मात्र कुणी काढलेलं नाही. रस्त्याच्या बाजूनं पाणी वळवणारी गटार, बुजलेलं पन्हाळ मोकळं करणं, टाइल्स उखडणं, चुन्याचा गिलावा, याचा आकडा आणि दोन मजली इमारतीचा आकडा शेजारी शेजारी ठेवा. मग बोलू.

एक अडचण मात्र खरी आहे, ती माझ्या विद्यार्थ्यानंच सांगितली. “चुन्याचं काम करणारा गवंडी आणू कुठून?” चुना विरवायचा, मुरवायचा, घाणीत वाळूसोबत दळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचं, हे काम जाणणारे हात आमच्या भागात उरले नाहीत. माझ्या दादांच्या पिढीत आमच्याच मोहल्ल्यात गवंडी होते. त्यांची नातवंडं आज पुण्याला सेंटरिंगच्या कामावर जातात. संवर्धनाची कामं जिल्ह्यात निघाली तर त्यातल्या दहा पोरांना तरी आजोबांची विद्या आणि गावातच रोजी मिळेल. वारसा म्हणजे श्रीमंतांचा शौक, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. टाइल्सचे पैसे बाहेरच्या कारखान्यात जातात. चुन्याच्या कामात खर्च मजुरीचा असतो, तो गवंड्याच्या घरात जातो.

आणि शेवटचा मुद्दा अमानतीचा. वक्फची मिळकत कमिटीची नसते, मुतवल्लीची नसते, आज नमाज पढणाऱ्यांचीही नसते. ज्यानं दिली त्यानं अल्लाहच्या नावावर दिली, आपण राखणदार. राखणदारानं वस्तू बदलण्याआधी विचारायचं असतं. हे मंदिराच्या विश्वस्तांना लागू आहे, शाळेच्या संचालकांना लागू आहे आणि नगरपालिकेच्या सदस्यांना तर सगळ्यात जास्त लागू आहे. सार्वजनिक इमारत कुणा एका पिढीची नसते.

येत्या जुम्म्याला पुन्हा मिटिंग आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. जुन्या इमारतींचं शास्त्र शिकलेल्या आर्किटेक्टला बोलावून तपासणी करून घ्यावी, त्याची फी जमातीनं द्यावी. तो अहवाल येईपर्यंत पाडण्यासाठी एकही पावती फाडू नये. आणि नव्या हॉलचा नकाशा मदरशाच्या जागेसाठी माझ्या विद्यार्थ्याच्या ऑफिसकडून काढून घ्यावा. नगरपालिकेलाही अर्ज लिहून ठेवला आहे. शहरातल्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या सार्वजनिक इमारतींची यादी करा, आणि पुढचा रस्ता करताना आधी जुना थर खोदा. त्या अर्जावर मशिदीच्या आणि विठ्ठल मंदिराच्या, दोन्ही कमिट्यांच्या सह्या घेण्याचा विचार आहे. पाणी दोघांच्याही भिंतीत शिरतंय.

माझं ऐकलं जाईल की नाही, ठाऊक नाही. रंगीत फोटो फार सुंदर आहे. त्यातला हिरवा घुमट, चार मिनार, सगळं पाहून माझीसुद्धा नजर थांबते. पण दहा वर्षांपूर्वीही मी अशाच एका कॅटलॉगमधल्या टाइल्स बघून पावतीपुस्तक खिशात घातलं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. या वेळी पावतीपुस्तक छापायला जाण्याआधी मला एक कागद हवा आहे. भिंत तपासून, सही करून दिलेला.